उंची मोजली होती का?

पंचवीस टक्के हा आकडा तुम्ही कुठून आणलात, ते आधी सांगा. बाकीचं नंतर बोलू.

कागद माझ्यासमोर आहेत. बाईचं वय ४६. चिखली तालुक्यातल्या एका खेड्यातली, मजुरीला जाणारी. आठ दिवस ताप, गावात दोन सलाइन, मग धाप, मग तुमचा अतिदक्षता विभाग. रात्री सव्वानऊला घशात नळी टाकून तिला व्हेंटिलेटरवर घेतलंत. साडेनऊला पहिला एबीजी, धमनीतल्या रक्ताचा नमुना, पाठवलात. आणि दहाच्या सुमारास तिच्या एकोणीस वर्षांच्या पोराला जिन्याजवळ उभ्या उभ्या सांगितलंत, वाचण्याची शक्यता पंचवीस टक्के. नळी टाकून पाऊण तास झाला होता. पाऊण तासात एखाद्या माणसाचं पुढचं सांगण्याइतकी माहिती जगातल्या कुठल्याच डॉक्टरजवळ नसते.

पोरानं विचारलं, "मंग पैसे लावून माणूस येनार नसन, तं घरी नेऊ का साहेब?" त्यावर तुमच्यातला एक जण म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवा." पहाटे त्यानं सही केली. तुम्ही नळी काढलीत. गाव यायच्या आत ती रुग्णवाहिकेत गेली. रजिस्टरात शिक्का बसला, 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेली. सल्ला कुणी दिला होता? तुम्ही तर आकडा दिला होता.

तुम्ही दोघंही माझ्या वर्गात बसलेले आहात. म्हणून हे तुम्हाला ऐकावं लागेल, आणि उभ्यानं ऐकावं लागेल.

तुमचा गुणांचा कागद घ्या. अपाचे-दोन. ही पद्धत १९८५ साली अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांमधल्या ५,८१५ रुग्णांवरून बसवली, हे मी तुम्हाला फळ्यावर लिहून दिलं होतं. तेव्हा हेही सांगितलं होतं की ती पहिल्या चोवीस तासांतल्या सर्वांत वाईट नोंदींवर चालते. पाऊण तासावर नाही. चला, तेही सोडा. बेरीज बघू. ताप ३९.२, गुण तीन. रक्तदाबाची सरासरी ६०, गुण दोन. नाडी १३०, दोन. नळी टाकण्याआधी श्वास मिनिटाला ४०, तीन. ऑक्सिजनचे चार. पीएच ७.२८, दोन. पांढऱ्या पेशी सोळा हजार, एक. वयाचे दोन. झाले एकोणीस. इथपर्यंत ठीक.

मग तुमच्या कागदावर एकतीस कुठून आले?

वरचे बारा गुण ग्लासगो कोमा स्केलचे. तुम्ही तिचा जीसीएस तीन लिहिलात. तीन! म्हणजे डोळे उघडत नाही, बोलत नाही, हातपाय हलवत नाही. अरे, हलवणार कशी? मिडाझोलाम आणि स्नायू ढिले करणारं औषध तुम्हीच दिलं होतं. कॅज्युअल्टीत येताना ही बाई पोराला म्हणत होती, गाईला पाणी पाजलं का ते पाह्य. तिचा मेंदू शाबूत होता. जीसीएस पंधरा होता. गुण शून्य. भूल दिलेल्या माणसाचा भूल देण्याआधीचा जीसीएस धरायचा, हे पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

आता तक्ता उघडा. ३० ते ३४ गुणांना मृत्यूची शक्यता साधारण ७३ टक्के. १५ ते १९ गुणांना साधारण २५ टक्के. म्हणजे तुमच्याच पद्धतीनं, तुमच्याच कागदावर, पंचवीस टक्के ही तिच्या मरणाची शक्यता होती. तुम्ही ती जगण्याची म्हणून सांगितलीत. एका रकान्यातली ही चूक तिच्या घरच्यांना केवढ्याला पडली, याचा हिशेब तुम्ही करा. मी करून देणार नाही.

आणि तो बरोबर केलेला एकोणीसचा आकडाही देववाणी नव्हे, हे कान उघडे ठेवून ऐका. मूळ सूत्रात निदानाप्रमाणे वेगळा गुणक असतो. मोबाइलमधल्या तक्त्यावर बोट ठेवताना तुम्ही तो भरलाच नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकन रुग्णालयांचा तो तक्ता. तो शंभर माणसांच्या घोळक्याबद्दल बोलतो. त्या शंभरांतली तुमच्यासमोरची कोणती, हे त्याला ठाऊक नसतं. ते शोधणं तुमचं काम आहे, त्यासाठीच तुम्हाला पगार मिळतो.

आता व्हेंटिलेटरचा कागद. टायडल व्हॉल्यूम ५०० मिली. वजन ६० किलो, 'अंदाजे'. उंचीचा रकाना कोरा. प्लॅटो प्रेशरचा रकाना कोरा. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखायचा दाब, पाच.

उंची मोजली होती का?

नाही मोजली. विभागात मोजपट्टी आहे का, तेही तुम्हाला सांगता येईना. फुप्फुसाचं माप उंचीवर ठरतं. अंगावर चरबी चढली म्हणून फुप्फुस वाढत नाही. बाईसाठी सूत्र पाठ करून घेतलं होतं मी: उंचीतून १५२.४ वजा करा, ०.९१ ने गुणा, त्यात ४५.५ मिळवा. पोरगा सांगतो, आई माझ्या खांद्याला लागायची. समजा १५० सेंटीमीटर. हिशेबाचं वजन येतं ४३ किलो. किलोला सहा मिली धरलं तर एका श्वासाला २६० मिली. तुम्ही ५०० दिलंत. किलोला साडेअकरा.

साडेअकरा हा आकडा ऐकून तुमच्या पोटात गोळा यायला हवा होता. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कनं ८६१ रुग्णांवर नेमकी हीच तुलना केली होती. किलोला बारा मिली आणि किलोला सहा मिली. बारावाल्यांत ३९.८ टक्के दगावले, सहावाल्यांत ३१ टक्के. औषध वेगळं नव्हतं, यंत्र वेगळं नव्हतं, फक्त हवा कमी दिली होती. जे फुप्फुस आधीच पाण्यानं भरलंय, ज्याचा मोजका भाग उघडा उरलाय, त्या उरलेल्या भागात तुम्ही दुप्पट हवा कोंबलीत. पंचवीस वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट पाळायची नाही आणि बाहेर येऊन शक्यता सांगायची, याला कुठल्या तोंडानं डॉक्टरकी म्हणायची?

प्लॅटो मोजायला किती वेळ लागतो? श्वास आत गेल्यावर होल्डचं बटण दाबा, अर्धा-एक सेकंद थांबा, आकडा वाचा. त्यातून पीप वजा करा, ड्रायव्हिंग प्रेशर मिळतं. २०१५ साली अमातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ चाचण्यांमधल्या ३,५६२ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या. जगण्याशी सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते याच आकड्याचं. तो पंधराच्या वर चढत गेला की धोका वाढतो. तो आकडा तुमच्या हाताखाली होता, फुकट होता, आणि तो कमी करणंही तुमच्याच हातात होतं. तुम्ही बटण दाबलं नाही. ड्युटी रूममध्ये बसून मोबाइलवर बेरजा करत राहिलात. उंटावरून शेळ्या हाकल्या.

आता ऑक्सिजनचं. शंभर टक्के ऑक्सिजनवर पीएओटू ६८, गुणोत्तर ६८. शंभराच्या खाली, म्हणजे २०१२ च्या बर्लिन व्याख्येप्रमाणे तीव्र एआरडीएस, फुप्फुसं एकाएकी निकामी होण्याची अवस्था. मान्य. पण ती व्याख्या ज्या रुग्णांवर तपासली, त्यातल्या तीव्र गटात ४५ टक्के दगावले होते. पुढं २०१६ साली पन्नास देशांतल्या ४५९ अतिदक्षता विभागांची पाहणी झाली, त्यात तीव्र गटातले ४६ टक्के रुग्णालयात दगावले. दोन्हीकडे निम्म्याहून जास्त माणसं जगली. आपल्याकडे रुग्ण उशिरा येतो, हातात साधनं कमी, म्हणून आपला आकडा याहून वाईट धरू. तरी पंचवीस येत नाही.

शिवाय नळी टाकल्यावर पंधराव्या मिनिटाला घेतलेल्या एबीजीवर कुणी गट ठरवतं का? स्पेनमधल्या हेसुस वियार यांनी २००७ साली हेच दाखवलं. सगळ्यांना ठरावीक पीप आणि ठरावीक ऑक्सिजनवर ठेवून चोवीस तासांनी पुन्हा मोजलं, तर सुरुवातीला तीव्र वाटलेले बरेच रुग्ण सौम्य गटात गेले, आणि त्यांचं मरणाचं प्रमाणही कितीतरी कमी निघालं. तुमच्या बाईला चोवीस तास मिळालेच नाहीत. पीप पाचवरून वर नेलं नाही. पालथं घातलं नाही.

पालथं का घातलं नाही? माणसं नव्हती म्हणता. चार-पाच जण लागतात, हे खरं. रात्री दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि तुम्ही दोघं, झाले पाच. २०१३ मध्ये ग्वेराँ यांच्या फ्रेंच चाचणीत ४६६ रुग्ण होते. रोज सलग सोळा तास पालथं ठेवलेल्यांपैकी २८ दिवसांत १६ टक्के दगावले, उताणे ठेवलेल्यांपैकी ३२.८ टक्के. सरळ निम्मं. कोविडच्या दिवसांत 'पालथं झोपा' हे आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालं होतं. तुम्ही विसरलात?

ही बाई कशानं आजारी होती, हे तुम्ही विचारलंत का? 'सेप्सिस, एआरडीएस' हे निदान झालं नाही, ती अवस्था झाली. भाद्रपदात बांधावरचं गवत कापणारी बाई आठ दिवस तापानं फणफणते, प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वर, मग धाप. विदर्भात काम करणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यात पहिल्यांदा काय यायला हवं? स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याची साथ आली, तेव्हा तुम्ही शिकतच होतात. गवतातली माइटची अळी चावते, आणि चावल्या जागी सिगारेटनं डागल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. ती शोधावी लागते. काखेत, स्तनाखाली, कमरेला साडीची गाठ बसते तिथं, जांघेत. तुमच्या तपासणीच्या कागदावर लिहिलंय, 'त्वचा: विशेष नाही'.

तिला अखेरची अंघोळ घालताना नणंदेला डाव्या काखेत काळी खपली दिसली. पावलीएवढी. ती मला विचारत होती, हे कशाचं असन हो साहेब?

तो स्क्रब टायफसच होता असं मी छातीठोक सांगत नाही. तपासणी झाली नाही, आता होणारही नाही. पण औषधांच्या कागदावर महागातली महाग दोन अँटिबायोटिक आहेत आणि डॉक्सिसायक्लिन नाही. नाकातल्या नळीवाटे देता येणारी, काही रुपयांची गोळी. ताप, धाप आणि हा हंगाम असताना खपली दिसो न दिसो, ती द्यायची असते. कुठल्याही गुणांच्या तक्त्यात 'कारण सापडलं आणि त्यावर औषध आहे' असा रकाना नसतो. तो रकाना डॉक्टरच्या डोक्यात असावा लागतो. मलेरिया, लेप्टो, डेंगी, फवारणीचं विष, आपल्याकडचे फुप्फुसं निकामी करणारे कितीतरी आजार असे आहेत की पहिले चार-सहा दिवस माणूस तगवला तर तो चालत घरी जातो. परदेशातल्या तक्त्यांमध्ये हे रुग्ण नावालाच असतात.

हिंमतराव बावस्करांचं नाव तुम्हाला मी किती वेळा सांगितलं! आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा माणूस. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेला, तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेली पोरं फुप्फुसात पाणी होऊन, तोंडाला फेस येऊन जात होती. शंभरात तीस-चाळीस. त्या माणसालाही आकडा ठाऊक होता, आणि तो आकडा बरोबर होता. बाहेर येऊन 'साठ-सत्तर टक्के आशा आहे' असं सांगून तो घरी जाऊ शकला असता. तो खाटेशेजारी बसून राहिला. रात्रभर नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा लिहीत राहिला, आणि पुढं प्राझोसिन वापरून पाहिलं. १९८६ साली 'लॅन्सेट'नं ते छापलं. प्राझोसिन वेळेत मिळू लागलं तसं ते प्रमाण शंभरात एकावर आलं. बिरवाडीत त्याच्याजवळ तुमच्या विभागातल्या यंत्रांपैकी एकही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सर, मग नातेवाइकांना काही सांगायचंच नाही का? सांगायचं. सांगायलाच हवं, आणि न सांगणाऱ्यांवर माझा राग तुमच्यापेक्षा जास्त आहे. 'बघू, प्रयत्न चालू आहेत' म्हणत पंधरा-पंधरा दिवस यंत्र चालवायचं, घरच्यांनी तोवर दोन एकर गहाण टाकायचे, डाग मोडायचे, आणि सोळाव्या दिवशी एकाएकी हात वर करायचे, हा प्रकारही आपल्याच भागात चालतो. मूत्रपिंडं गेली, रक्तदाब तीन औषधांवरही टिकत नाही, कावीळ चढतेय, वय पंच्याहत्तर, आधीचा कर्करोग. असं असताना जो आशा विकतो तो गुन्हेगार आहे. तीव्र एआरडीएसचा माणूस बहुधा ऑक्सिजन कमी पडून मरत नाही, एकेक अवयव बंद पडत जाऊन मरतो. म्हणून अवयव मोजायचे. सोफाचे गुण रोज काढायचे. ब्रसेल्समध्ये ३५२ रुग्णांवर २००१ साली दाखवलं गेलं की पहिल्या ४८ तासांत ते गुण वाढले तर निम्मे किंवा त्याहून जास्त दगावतात, उतरले तर सत्तावीस टक्क्यांपेक्षा कमी. पहिल्या तासाचा आकडा काहीच सांगत नाही. दोन दिवसांची चाल पुष्कळ सांगते.

तेव्हा पहिल्या रात्री पोराला बसवायचं, पाणी द्यायचं आणि सांगायचं: "आई फार आजारी आहे, जिवाला धोका आहे. अशा आजारात निम्म्याच्या आसपास माणसं वाचतात. तुझी आई कोणत्या निम्म्यात आहे ते मला आज माहीत नाही. दोन दिवस दे. रोज संध्याकाळी मी स्वतः सांगीन. खर्चाचं, महात्मा फुले योजनेचं आत्ताच बघू." याला तीन मिनिटं लागतात. टक्केवारी सांगायला दहा सेकंद लागतात, म्हणून तुम्ही टक्केवारी सांगितलीत.

ती पहाटेची नळीही माझ्या डोक्यातून जात नाही. उपचार थांबवायचे असतील तर देशात त्याचा रस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला तो घालून दिला, २४ जानेवारी २०२३ ला सोपा केला. उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ असं एक मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, घरच्यांची संमती, आणि माणूस तडफडणार नाही याची काळजी. तुम्ही काय केलंत? शंभर टक्के ऑक्सिजनवरच्या बाईची नळी काढून तिला साध्या मास्कवर गाडीत घातलंत. मॉर्फिनचा एक थेंब नाही, सोबत सिस्टर नाही. ती शुद्धीवर येत होती. पोराचा हात धरून ती कशी श्वास ओढत होती, ते त्यानं मला सांगितलंय. मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच्याकडूनच ऐका.

तुमच्या मनात अजूनही एक ओळ घोळतेय, मला दिसतंय. 'पण सर, शेवटी गेलीच ना ती.' नाही! ही ओळ कधी तोंडातून काढू नका. तुम्ही सांगितलंत मरेल, म्हणून त्यानं नेली. नेली म्हणून मेली. आणि मेली म्हणून तुमचा आकडा खरा ठरला. असे दहा रुग्ण झाले की तुम्हीच छातीवर हात ठेवून सांगाल, आमच्याकडे व्हेंटिलेटरवरचे कुणी वाचत नाहीत. कोविडपासून चिखली-मेहकरच्या खेड्यापाड्यांत 'व्हेंटिलेटर लावला म्हंजे माणूस गेला' हे बसलंच आहे. लोक त्या भीतीनं उशिरा येतात आणि उशिरा येतात म्हणून जातात. ती भीती खोडायची जबाबदारी तुमची होती. तुम्ही तिच्यावर शिक्का मारलात. २०२४ पासून बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तिथली पोरं उद्या तुमच्या हाताखाली येतील. ती तुमच्याकडून हेच शिकणार का?

उद्या सकाळी विभागात मोजपट्टी दिसली पाहिजे, प्रत्येक खाटेवर उंची आणि हिशेबाचं वजन लिहिलेलं दिसलं पाहिजे. दर पाळीला प्लॅटो. जीसीएस भुलीच्या आधीचा. तापाच्या रुग्णाचे कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, आणि 'विशेष नाही' लिहिण्याआधी काख उघडून बघायची. चोवीस तासांच्या आत कुणीही नातेवाइकाला टक्केवारी सांगितलेली मला कळली, तर त्याच्या तोंडावर सांगतो, माझा विद्यार्थी म्हणून कुठं नाव घेऊ नकोस.

आणि या रविवारी तुम्ही दोघं त्या गावी जायचं. पोरगा जेवत नाही. मी आईला मारलं, सही मी केली, असं म्हणतोय. त्याच्यासमोर खाली बसा आणि सांगा की आकडा चुकीचा होता, बेरीज आम्ही चुकवली, सही तुझी असली तरी निर्णय आमच्या आकड्यानं झाला. मी गाडी घेऊन आठ वाजता बसस्टँडवर थांबतो. बोलायचं तुम्ही.